ग्रॅमशेठ

लोझानपासून वर व्हालेच्या खोऱ्यापर्यंत कुठल्याही इमारतीत शिरा, एक तरी ग्रॅमशेठ सापडतोच. आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी विमा कंपनीत, काम अपघातांचे दावे तपासण्याचं. सोमवार ते शुक्रवार लोकांचे गुडघे कुठल्या उतारावर, कसे आणि किती खर्चाचे मोडले याच्या फायली वाचायच्या आणि शनिवारी त्याच उतारावर स्वतःचे गुडघे घेऊन हजर व्हायचं. ग्रॅमशेठ हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं. त्यांना ते ठाऊक नाही, पण कळलं तर ‘शेठ’मुळे वजन किती वाढतं असं विचारतील, याची खात्री आहे.

त्यांचा खेळ स्की-माउंटेनीअरिंगचा. सभ्य माणसं लिफ्टनं वर जातात आणि स्कीवरून घसरत खाली येतात. हे लोक स्की पायात घालून वरही चालतच जातात. त्यासाठी स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता अंगोरा शेळीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. केस सगळे मागच्या दिशेला झुकलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाचं टोक दोन टाचण्यांमध्ये पकडलेलं, टाच मोकळी. माथा आला की पट्ट्या ओढून काढायच्या, टाच अडकवायची, बूट आवळायचे आणि सुटायचं. खाली पोचलं की पट्ट्या परत लावायच्या आणि पुढचा डोंगर. एवढं करून मिळतं काय, हा प्रश्न ग्रॅमशेठना विचारू नये. ते उत्तर देतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर कित्येक वर्षांत पीठ मोजलं गेलेलं नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. तो काटा आता बुटांसाठी आहे. शर्यतीची एक स्की साडेसातशे ग्रॅमच्या आसपास भरते, कार्बनचा बूट त्याहूनही कमी. साधी स्की पाहिलेल्या माणसाला हे हातात घेतल्यावर खेळणं वाटतं. किंमत ऐकल्यावर वाटत नाही. ग्रॅमशेठचा हिशेब पक्का आहे: कमी होणाऱ्या दर ग्रॅममागे दहा फ्रँकपर्यंत विचार करायचा नाही, अकरावा फ्रँक आला की बायकोला विचारायचं. म्हणून त्यांची सगळी खरेदी दहा फ्रँकांत बसते. कपड्यांची लेबलं कापलेली. चेनचे पत्र्याचे खटके काढून तिथे मासे पकडायचा दोरा. सनक्रीमची बाटली नको म्हणून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या कुपीत क्रीम. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस उकरायला प्रत्येकाजवळ फावडं लागतं, शोधकाठी लागते, सिग्नल देणारं यंत्र लागतं. हे नियमानं सक्तीचं, त्यामुळे ग्रॅमशेठचा नाइलाज होतो. एकदा त्या फावड्याला भोकं पाडायचा बेत ठरला होता. सुरक्षेच्या सामानाची छेडछाड नियमात बसत नाही हे त्यांच्या मेहुण्यानं दाखवून दिलं, म्हणून फावडं वाचलं. एरवी त्या भोकांमधून बर्फ गळेल हा मुद्दा त्यांना पटलाच असता असं नाही.

आणि हे सगळं झाल्यावर रविवारी रात्री राक्लेत. वितळलेलं चीज, बटाटे, पुन्हा चीज. सकाळी बुटाच्या पट्टीतून नऊ ग्रॅम काढलेला माणूस रात्री ताटात तिसऱ्यांदा चीज ओढून घेतो, तेव्हा माझ्या बायकोला राहवत नाही. ती मराठीत पुटपुटते, “काटा जरा मोठा घ्या म्हणावं, उभं राहता येईल असा.” ग्रॅमशेठ हसून मान डोलावतात. त्यांना वाटतं, चीजचं कौतुक चाललंय.

आमची त्यांची ओळख झाली ती तळघरात. इथल्या इमारतींत कपडे धुवायची खोली सामाईक असते आणि कोणाचा वार कोणता याचा तक्ता दारावर लावलेला असतो. त्या तक्त्याचा मान इथे घटनेइतका. आमच्या वारी माझ्या बायकोनं आजीची गोधडी धुऊन दोरीवर टाकली होती. दुसऱ्या टोकाला ग्रॅमशेठच्या पट्ट्या लटकत होत्या, वार त्यांचा नसताना. खिडकी उघडी होती, वारा आला आणि पट्टीची गोंदाची बाजू गोधडीला जाऊन बिलगली. मी सोडवायला गेलो तर करकर आवाज करत पट्टी निघाली, आणि तिच्यावर आजीच्या तीन साड्यांचे धागे. ग्रॅमशेठ खाली आले तेव्हा आम्हाला वाटलं, वाराबद्दल क्षमा मागतील. ते पट्टीकडे बघत राहिले. मग घरी जाऊन भिवया उपटायचा चिमटा घेऊन आले, इस्त्रीच्या टेबलावर पट्टी आडवी पसरली आणि एकेक धागा काढायला बसले. गोंदावर सूत बसलं की पट्टी स्कीला धरत नाही, मधल्या चढावरच सुटते आणि माणूस मागे घसरतो, असं त्यांनी चिमटा न थांबवता समजावलं. जांभळा धागा कुठला, हिरवा कुठला हेही मध्येच विचारलं. दोन तासांनी माझी बायको त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली. तेव्हापासून येणं-जाणं आहे.

येणं-जाणं म्हणजे मुख्यतः मी स्टॉपवॉच धरतो. या शर्यतींत पाय जितके लागतात तितकेच हातही लागतात. माथ्यावर पट्ट्या काढून उताराला लागायचं, तर कसलेला गडी ते काही सेकंदांत उरकतो. स्की पायातून काढायची नाही; वाकून पुढच्या टोकाची दोरी सोडायची आणि एका झटक्यात पट्टी शेपटापर्यंत ओढायची, दुसरी ओढायची, दोन्ही घडी करून सूटच्या छातीत कोंबायच्या. पट्टीचं टोक बाहेर लोंबलं तर दंड. ग्रॅमशेठ हे तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये करतात. अंगात घट्ट लायक्राचा सूट, पायात स्की, डोक्यावर हेल्मेट. खालच्या मजल्यावरची पोर्तुगीज बाई एकदा लिफ्टमधून बाहेर पडली आणि तशीच परत आत गेली. मी “चला” म्हटलं की ते वाकतात. डावी पट्टी झकास निघते. उजवी ओढताना डाव्या पायावर तोल जातो, ते जोड्यांच्या कपाटावर जातात, आणि तिथूनच ओरडतात, “घड्याळ थांबवू नका! डोंगरावर कपाट नसतं!” हे मात्र खरं आहे. डोंगरावर ते थेट खालीच जातात.

बुधवारी संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या की जवळच्या स्की-गावात छोटी शर्यत असते. कपाळावर दिवे लावून शे-दीडशे माणसं पायथ्यापासून वरच्या उपाहारगृहापर्यंत चढतात. वर सूप मिळतं, निकालाचा कागद भिंतीला लागतो. पहिल्या दहात येणारी पोरं विशीतली, त्यांच्याकडे ग्रॅमशेठ बघतही नाहीत. त्यांची शर्यत निवृत्त शाळामास्तरणीशी असते. बाई अडुसष्ट वर्षांच्या. स्की जुन्या, जड, एकीच्या टोकाला चिकटपट्टी. लायक्रा नाही, लोकरीची टोपी आणि नवऱ्याचं असावं असं जाकीट. सुरुवातीला त्या मागे असतात. ग्रॅमशेठ तोफेतून सुटल्यागत पहिला चढ घेतात, दुसऱ्या वळणावर श्वास पकडायला घड्याळात डोकावल्याचं नाटक करतात, आणि तिसऱ्या वळणावर मागून एक संथ, एकाच लयीतली करकर ऐकू येते. बाई शेजारून जातात. जाताना बोलतात, हे सर्वांत वाईट. “मुलं कशी आहेत?” ग्रॅमशेठना मुलांची नावं आठवतात पण उच्चारायला हवा नसते. ते अंगठा वर करतात.

वर सूप पिताना मग विश्लेषण होतं. बाईंची स्की त्यांच्या स्कीपेक्षा सव्वा किलोनं जड, म्हणजे जोडीमागे अडीच किलो. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंबरोबर, असं ग्रॅमशेठ मानतात. म्हणजे बाई कागदावर साडेबारा किलोंचं गाठोडं जास्त घेऊन चढतात. “तरीही?” मी विचारतो. “तरीही,” ते म्हणतात, “म्हणूनच तर मला बुटांकडे परत एकदा बघायला हवं.”

हौशी माणसाची हीच गंमत आहे. खरा स्पर्धक हरला की पायाकडे बघतो, हौशी माणूस दुकानाकडे.

या सगळ्या उपद्व्यापाचं काशी-रामेश्वर म्हणजे ‘पात्रुई दे ग्लासिये’, हिमनद्यांची गस्त. झेरमाट ते वर्बिए, मध्ये आरोला. अंतर सुमारे ५७ किलोमीटर, चढ ४,३०० मीटरच्या वर, तीन-तीन जणांचे चमू. भरवतं स्विस सैन्य. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, डोंगरी ब्रिगेडच्या दोन कप्तानांनी सैनिकांची तयारी जोखायला ही सुरू केली. त्यातले एक, रोजे बोनव्हँ, पुढे देशाच्या मंत्रिमंडळात बसले. १९४९ मध्ये एक चमू हिमनदीच्या भेगेत पडला, तिघंही गेले, आणि सरकारनं शर्यतच बंद करून टाकली. ती परत सुरू झाली १९८४ ला, आणि तेव्हापासून साधी माणसंही भाग घेऊ लागली. हा इतिहास ग्रॅमशेठ सांगतात तेव्हा त्या तिघांपाशी थांबतात. तेवढं एक वाक्य ते वजन न काढता बोलतात. मग लगेच दोरीच्या ग्रॅमवर येतात, कारण हिमनदीवर तिघांनी दोरीला बांधून घेऊनच चालायचं असतं.

शर्यत एक वर्षाआड, सम वर्षी, एप्रिलमध्ये. ग्रॅमशेठच्या लग्नाचा वाढदिवसही एप्रिलमध्येच. “मला नवरा विषम वर्षी असतो,” त्यांची बायको सांगते, तक्रारीच्या सुरात नव्हे, कपडे धुवायचा वार सांगावा तशी. सम वर्षी जानेवारीपासून घरात मीटरची भाषा सुरू होते. तळघर ते तिसरा मजला किती मीटर, ऑफिस कितव्या मजल्यावर, दिवसभरात किती झाले. लिफ्ट वर्ज्य. एकदा किराण्याच्या पिशव्या घेऊन बायको लिफ्टनं वर आली आणि ग्रॅमशेठ जिन्यानं, तर आधी कोण पोचलं याची नोंद त्यांनी ठेवली होती.

२०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांचा खेळ पहिल्यांदा आला, बोर्मिओला. मला वाटलं, पेढे वाटतील. ते संतापले. ऑलिम्पिकमध्ये काय, तर स्प्रिंट आणि मिश्र रिले. स्प्रिंट म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचा मामला: थोडा चढ, थोड्या पायऱ्या स्की पाठीला लावून, मग उतार. “तीन मिनिटांत कसला डोंगर? तीन मिनिटांत माझा एक बूट बंद होतो!” हे त्यांनी रागाच्या भरात म्हटलं, आणि मी स्टॉपवॉचवाला असल्यामुळे मान्य करावं लागलं. तरी सगळे सामने पाहिले. पट्टी ओढायचा प्रत्येक क्षण मागे नेऊन, थांबवून थांबवून.

लाडूंचं प्रकरण याच मोसमातलं. माझ्या बायकोनं बेसनाचे लाडू केले होते, एक डबा खाली पाठवला. तासाभरात ग्रॅमशेठ कागद घेऊन दारात. लाडू ४४ ग्रॅमचा. साजूक तूप, डाळीचं पीठ, साखर; हिशेब केला तर ग्रॅममागे पाचच्या आसपास कॅलरी. शर्यतीत सगळे खातात त्या जेलला ग्रॅममागे तीनही पडत नाहीत, कारण त्यात पाणी असतं. “मादाम, लोक पाणी पाठीवर वाहतात! आणि तुमच्याकडे हे आहे, आणि तुम्ही ते सणाला खाता!” बायकोला कौतुक झालं की अपमान, ते तिचं तिलाच कळेना. शर्यतीसाठी सात लाडू द्यायचं ठरलं, ३०० ग्रॅमच्या वर एक ग्रॅमही नको अशा बोलीवर. तिनं जन्मात पहिल्यांदा लाडू काट्यावर वळले. वर्षानुवर्षं तळहाताच्या अंदाजानं लाडू वळणाऱ्या बाईला “हा दोन ग्रॅमनं जास्त आहे” असं ऐकवणारा माणूस अजून आमच्या घरी येतो, यावरून तिचा स्वभाव कळावा.

शर्यतीच्या रात्री मी तिथे नव्हतो. मी आणि ग्रॅमशेठची बायको गाडी घेऊन पहाटे वर्बिएला गेलो. डोंगरावर जे घडलं त्याच्या तीन आवृत्त्या आहेत: ग्रॅमशेठची, मेहुण्याची, आणि चमूतल्या तिसऱ्याची, जो ऑफिसातला ज्युनिअर असल्यामुळे फारसं बोलत नाही पण चेहऱ्यानं पुष्कळ सांगतो. तिन्ही आवृत्त्या जुळतात त्या इतक्याच. झेरमाटहून संथ चमू रात्री आधी सोडतात, वेगवान शेवटी, म्हणजे पहाटे त्यांनी तुम्हाला मागून गाठावं. ग्रॅमशेठचा चमू आधी सुटला. तेत ब्लांशवर, ३,६५० मीटरवर, भयंकर वारा होता. ग्रॅमशेठनी खायला लाडू काढला. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, कारण तो कप्पा सर्वांत हलका. तूप थिजून लाडूचा दगड झालेला. त्यांनी दात लावला, दात मागे आला. मेहुण्यानं स्कीच्या पोलादी कडेवर आपटून पाहिला. कडेला खाच पडल्याचा त्याचा दावा आहे, ग्रॅमशेठ तो अमान्य करतात. ज्युनिअरनं खिशातून निमूट एक जेल काढलं, तिघांत वाटून खाल्लं.

पुढे आरोला वेळेत गाठलं. त्यानंतर दोरीच्या दोन आवृत्त्या सुरू होतात. या खेळात दमलेल्या गड्याला पुढच्याच्या कमरेला लवचीक दोरीनं जोडतात, म्हणजे जरा ओढ मिळते. मेहुणा म्हणतो, रोजाब्लांशच्या चढापर्यंत मी याला ओढत आणला. ग्रॅमशेठ म्हणतात, तो फार पुढे पळू नये म्हणून मी दोरी ताणून धरली होती. ज्युनिअरला विचारलं तर तो खिडकीबाहेर बघतो. रोजाब्लांशला स्की पाठीला लावून बर्फात खोदलेल्या पायऱ्यांची रांगच्या रांग चढावी लागते, दोन्ही बाजूंना प्रेक्षक, गाईच्या घंटा, ओरडा. मागून “पिस्त! पिस्त!” अशी हाळी आली, म्हणजे वाट द्या. ग्रॅमशेठ बाजूला झाले. तीन बायकांचा चमू. मधल्या बाईच्या डोक्यावर लोकरीची टोपी.

“मुलं कशी आहेत?”

अंगठाही वर झाला नाही म्हणे.

वर्बिएला उन्हात आम्ही उभे होतो. ही शर्यत जिंकणारे साडेपाच-सहा तासांत पोचतात. ग्रॅमशेठना साडेतेरा लागले. शेवटच्या रस्त्यावर तिघं हातात हात घालून आले, चेहरे सुजलेले, ओठ फाटलेले, आणि खरं सांगतो, मी टाळ्या वाजवता वाजवता ओरडायलाच लागलो. एवढं करून एखादा माणूस पायांवर उभा कसा राहतो, हे जवळून पाहिल्यावर चेष्टा सुचत नाही. निदान दहा मिनिटं. बायकोनं त्यांना मिठी मारली. तिच्या खांद्यावरून ते म्हणाले, “त्या कधी आल्या?”

त्या पन्नास मिनिटांपूर्वी आल्या होत्या. कपडे बदलून बाकावर बसल्या होत्या, हातात पांढऱ्या वाइनचा पेला, मांडीवर अर्धं उरलेलं सँडविच. सँडविच त्यांनी रात्रभर बनियनच्या आत, पोटाशी ठेवलं होतं. “अन्न अंगाशी ठेवावं लागतं हो,” त्या शाळेतल्या पोराला सांगावं तशा म्हणाल्या. ग्रॅमशेठनी बॅगेतून लाडू काढले, सातच्या सात. उन्हानं तूप सुटून ते मऊ झाले होते, डोंगराएवढी वाट काखेत मारून आलेले ३०० ग्रॅम. बाईंनी दोन खाल्ले, बोटं चाटली आणि कृती विचारली. मेहुण्यानं एक खाल्ला आणि म्हणाला, “हे मी ओढत आणलं.”

आठवड्याभरानं ग्रॅमशेठ तळघरात भेटले, यावेळी स्वतःच्या वारी. बायका दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. ग्रॅमशेठनी पट्ट्या दोरीवर टाकता टाकता सहज सांगितलं की मेझालामाला नाव द्यायचा विचार आहे. इटलीतली शर्यत, १९३३ पासूनची, तीही तिघांची, वाटेत कॅस्टरचं शिखर, चार हजार मीटरच्या वर. छान आहे म्हणे.

“कधी असते?” मी विचारलं.

“एप्रिलच्या शेवटी. पण ती विषम वर्षी, म्हणजे अडचण काही नाही.”

त्यांच्या बायकोनं हातातली घडी पूर्ण केली. मग माझ्या बायकोला विचारलं, “तुमच्या पुण्याला एप्रिलमध्ये फार उकडतं का?”

“फार. पण आंबे असतात. याल का?”

“येईन म्हणते.”

“सामान किती आणाल?” मधूनच ग्रॅमशेठ म्हणाले, सवयच ती.

“तेवीस किलो,” ती म्हणाली. “पूर्ण तेवीस.”